जिथे रेंज नाही, तिथला परवाना

पहाटे ५.३०

ड्राइव्ह टेस्टची गाडी आदल्या रात्रीच भरून ठेवलेली असते, तरी सकाळी मी सगळं पुन्हा तपासते. डिकीत इन्व्हर्टर, मागच्या सीटवर लॅपटॉप, त्याला जोडलेले चार हँडसेट, प्रत्येकात वेगळ्या कंपनीचं सिम. टपावर लोहचुंबकाने चिकटणारा जीपीएस आणि स्कॅनरचा अँटेना. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा डोंगल विसरला तर दिवस फुकट जातो, म्हणून तो गळ्यातल्या दोरीला.

मी आरएफ इंजिनीअर आहे. राहते नवीन पनवेलला, काम कंत्राटावर: रस्त्यारस्त्याने फिरून मोबाइलची रेंज मोजायची आणि कुठला अँटेना किती झुकवावा ते सांगायचं. जानेवारी २०२६ चा हा दिवस नेहमीच्या कामाचाच आहे, फक्त थोडा लांबवलेला. कंपनीने मागितलेला रस्ता मालडुंग्यापर्यंत होता. पुढची धोदाणी आणि तिच्या वरच्या अंगाची एक वाडी मी आपणहून जोडून घेतली.

कारण सांगते. उपग्रहातून थेट साध्या मोबाइलला सिग्नल देणारी सेवा जगात सुरू झाली आहे. डिश नको, खास फोन नको. खिशातला हँडसेट पुरतो. आणि तिच्यातला मोठा भाग मोबाइल कंपन्यांनी विकत घेतलेल्या स्पेक्ट्रमवरच चालतो. भारतात ती कोणत्या अटींवर येऊ द्यायची हे अजून ठरायचं आहे. ठरवणारे दिल्लीत बसतील, पण अटी ज्या डोंगरांसाठी लिहायच्या ते इथे आहेत.

सकाळी ६.३०

पनवेल सोडताना ड्रायव्हरदादा दरवेळी विचारतात, "मॅडम, लॉग चालू केला का?" केला. पहिला आकडा मायनस ७८ डीबीएम. उत्तम.

आमच्या धंद्यात हा सगळा भाग अवघड मानतात, आणि त्याचं कारण डोंगर नाही, हद्द आहे. देशातले मोबाइल परवाने २२ परिमंडळांत वाटलेले आहेत. मुंबई परिमंडळ म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण एक्स्चेंजांचा प्रदेश. त्यापलीकडे महाराष्ट्र-गोवा परिमंडळ. रोमिंगला पैसे पडायचे त्या काळात एक्स्प्रेसवेने पुण्याला निघालेल्या माणसाला पनवेल मागे पडलं की कुठेतरी स्वागताचा मेसेज यायचा. पैसे गेले, हद्द राहिली. स्पेक्ट्रमचा लिलाव परिमंडळागणिक होतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या हाती हद्दीच्या अलीकडे एक पट्टा आणि पलीकडे दुसरा असू शकतो. तुमचा पट्टा जिथे संपतो तिथे त्याच लहरी दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या असतात, आणि त्यासाठी त्याने पैसे मोजलेले असतात. एकट्या २०२२ च्या लिलावात १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोल्या लागल्या.

म्हणून हद्दीवरचे टॉवर आम्ही फार जपून लावतो. अँटेना दोन-तीन अंश खाली झुकवला की सिग्नल आपल्या शेतात पडतो, शेजाऱ्याच्या नाही. रिगर वर चढून नट सैल करतो, मी खालून आकडा बघते, असं तासभर चालतं.

उपग्रहाच्या बाबतीत हे बारीक काम जमत नाही. एक झोत जमिनीवर पडतो तेव्हा त्याची रुंदी अनेक किलोमीटर असते, बऱ्याचदा पंचवीस-पन्नास. आज मी ज्या वाडीला जाणार आहे तिथून नवी मुंबईचा नवा विमानतळ सरळ रेषेत अठरा-वीस किलोमीटर. म्हणजे वाडीसाठी पेटवलेला झोत खारघरच्या इमारतींवर, विमानतळाच्या धावपट्टीवर आणि दोन परिमंडळांच्या हद्दीवर एकाच वेळी पडेल. तिथे त्याच लहरींवर जमिनीवरचे टॉवर आधीच बोलत असले तर दोघांचाही आवाज बिघडेल. नियमनाचा गाभा इथे आहे. बाकी किंमत, परवान्याचं नाव, अर्जाचा नमुना वगैरे त्यानंतर.

सकाळी ८.००

नेरे. शांतिवनाच्या पुढे आकडा मायनस ९६, गाढी नदीच्या कडेने आत शिरलो तसा मायनस १०८. देहरंग धरणाचं पाणी डावीकडे चमकतं आहे. आमचा ट्रेनी नुकताच डिप्लोमा करून आलेला, मागे बसून आकडे मोठ्याने वाचतोय. मायनस १२० च्या खाली हँडसेट नेटवर्क सोडून देतो. दोन कंपन्यांनी इथेच सोडलं.

वाटेत त्याने विचारलं, सॅटेलाइट फोन आणि हा साधा फोन यांत फरक काय? फरक ताकदीचा आणि हक्काचा. साधा फोन जेमतेम २०० मिलीवॅटने बोलतो. तीन-चार किलोमीटरवरच्या टॉवरला ते पुरतं. साडेतीनशे किंवा पाचशे किलोमीटर वरच्या उपग्रहाला ते ऐकू जायचं तर ऐकणारा कान प्रचंड हवा. म्हणूनच एएसटी स्पेसमोबाइल ही अमेरिकी कंपनी एवढे मोठे अँटेना पाठवते आहे. तिचा ब्लूबर्ड उपग्रह २४ डिसेंबर २०२५ ला आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ ने श्रीहरिकोट्याहून नेला: वजन ६,१०० किलो, उलगडलेला अँटेना २२३ चौरस मीटर. भारताच्या भूमीवरून उडालेलं सर्वांत जड ओझं. ट्रेनीने ते उड्डाण फोनवर पाहिलं होतं, पण त्याच कंपनीशी व्होडाफोन आयडियाने जून २०२५ मध्ये भारतातल्या सेवेसाठी करार केलाय हे त्याला माहीत नव्हतं. रॉकेट आपलं, करार झालेला, नियम तेवढे बाकी.

हक्काचा फरक जास्त महत्त्वाचा. उपग्रहाच्या मोबाइल सेवेसाठी काही लहरी जगभर आधीपासून राखून ठेवल्या आहेत. बीएसएनएलने व्हायासॅटबरोबर २०२४ च्या इंडिया मोबाइल काँग्रेसमध्ये थेट फोनवर मेसेज करून दाखवला तो अशाच राखीव एल बँडवर. आयफोनची आणीबाणीची उपग्रह सेवाही ग्लोबलस्टारच्या राखीव लहरींवर चालते. तिथे भांडण कमी. दुसरा मार्ग मोबाइल कंपनीच्याच जमिनीवरच्या लहरी आकाशातून वापरायचा. त्यात हातातला जुना फोनही चालू शकतो, म्हणून तो गरिबाच्या कामाचा. आणि त्यातच हद्दीचा प्रश्न, म्हणून तो कायद्याला जड. मला हा दुसरा मार्ग यावा असं मनापासून वाटतं. ज्या वाडीला मी चालले आहे तिथे पंधरा-वीस हजारांचा नवा हँडसेट घेणारी घरं नाहीत.

सकाळी ९.३०

धोदाणीला रस्ता संपला. गाडी सोडून दोन हँडसेट, बॅटरीवरचा छोटा स्कॅनर आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन चढायला लागलो. समोर माथेरानची भिंत, दक्षिणेला प्रबळगड. पाऊण तासाने वाडी आली. ठाकरांची घरं, अंगणं शेणाने सारवलेली, एका अंगणात वाल वाळत घातलेले.

चारही कंपन्या शून्य. स्क्रीनवर पांढरी रेघ.

पण रेंज इथे आहे, हे इथल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. घरांच्या वर पाचेक मिनिटांवर एक काळा कातळ आहे. त्याच्या पश्चिमेच्या कडेवर उभं राहिलं आणि फोन डोक्याच्या वर धरला की एका कंपनीची एक दांडी येते. मी मोजलं: मायनस ११७, मध्येच मायनस १२१. कातळावर पाय ठेवायची जागा वापरून गुळगुळीत झाली आहे. बाजूच्या झाडाला कोणीतरी खिळा मारून प्लास्टिकची पिशवी टांगली आहे. फोन त्या पिशवीत ठेवायचा, मेसेज जायची वाट बघत खाली बसायचं, आवाज आला की उठून वाचायचं.

आशाताई तिथेच भेटल्या. गरोदर बायांची नोंद, लसीकरणाची नोंद, सगळं ॲपवर भरायचं असतं. घरोघर जाऊन त्या वहीत लिहितात आणि कातळावर येऊन ॲपवर चढवतात. "पावसात कसं करता?" म्हटलं तर म्हणाल्या, "ताई, पावसात हा कातळ निसरडा होतो. मग आठवड्याने खाली उतरून भरते." एका बाईला गेल्या पावसाळ्यात रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा फोन करायला तिचा दीर ह्या कातळावर चढला होता. बाळ, बाळंतीण नीट आहेत. पण अंधारात, पावसात, डोंगराच्या त्या कडेवर हात वर करून उभं राहणं काय असतं ते मी आज उजेडात तिथे उभी राहून पाहिलं.

ट्रेकवाल्यांना वाट दाखवणारा एक तरुण म्हणाला, "मॅडम, सॅटेलाइट फोन घेतला तर? मुंबईचे ट्रेकर सांगतात बाहेर मिळतो." त्याला स्पष्ट सांगितलं की तसं करू नकोस. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. २६/११ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी तो वापरला होता. त्याआधी १९९३ मध्ये ह्याच रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं. सरकारची धास्ती हवेतून आलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना ट्रेकिंगच्या उपग्रह यंत्रांसाठी ताब्यात घेतलं गेलं. ते यंत्र त्यांच्या देशात दुकानात मिळतं.

थेट मोबाइलवर येणाऱ्या सेवेत मात्र सुरक्षेचा हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटू शकतो, आणि ही गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. सिम इथलंच, केवायसी झालेलं. कॉल मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधूनच जाणार. उपग्रहाचं जमिनीवरचं गेटवे भारतात असावं ही अट घातली की चोरून बोलायची वाट उरत नाही. उपग्रह सेवांसाठी दूरसंचार खात्याने मे २०२५ मध्ये कडक सुरक्षा अटी काढल्या, त्यांत सीमेलगत आणि समुद्रात खास देखरेखीचे पट्टेही आहेत. त्याच अटी थोड्या बदलून इथे लावता येतील. सुरक्षेचं कारण पुढे करून वाडीला कातळावरच ठेवायचं, हे मला पटत नाही.

सकाळी ११.००

आता आकाश मोजायचं. ह्याला कोणी पैसे देत नाही, पण मला तो आकडा हवा होता. फोनमधल्या क्लिनोमीटरने वाडीच्या अंगणातून चारी बाजूंच्या कड्यांचा कोन घेतला. पूर्वेला माथेरानची भिंत बरंच आकाश खाते, दक्षिणेला प्रबळ. पश्चिम मोकळी. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातो. मोकळ्या माळावर तो काही मिनिटं दिसतो, इथे त्याहून कमी. शिवाय स्टारलिंक ह्या अमेरिकी उपग्रह सेवेचे बरेच उपग्रह ५३ अंशांच्या कलाने फिरतात, त्यामुळे त्यांची दाटी लंडन-कीवच्या अक्षांशावर जास्त आणि आपल्या १९ अंशांवर विरळ. अमेरिकेत चालणारी सेवा जशीच्या तशी सह्याद्रीच्या घळीत चालेल असं कोणी सांगितलं तर त्याने इथे येऊन कोन घ्यावेत.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पावसात डीटीएचचं चित्र जातं, कारण त्या लहरी फार वरच्या. मोबाइलच्या ७०० ते २,१०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. जुलैच्या रात्रीही मेसेज जाईल. फक्त उघड्यावर यायला हवं. छपराखाली, दाट झाडीखाली भरवसा नाही.

दुपारी १.३०

नेऱ्याला परत. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, पिठलं.

जेवताना ट्रेनीला अमेरिकेचा नियम समजावला, कारण सध्या त्याचीच नक्कल जगभर होते आहे. तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, मार्च २०२४ मध्ये जगातले पहिले नियम केले. अट अशी की एखाद्या सलग प्रदेशात तो पट्टा ज्यांच्या मालकीचा आहे ते सगळे राजी असले तरच उपग्रहाने तो वापरायचा. अमेरिकेचा मुख्य भूभाग हा असा एक प्रदेश. टी-मोबाइल ह्या तिथल्या मोबाइल कंपनीकडे ५ अधिक ५ मेगाहर्ट्झचा एक पट्टा देशभर होता, तो तिने स्टारलिंकला दिला आणि जुलै २०२५ मध्ये सेवा खुली केली. उपग्रहाची सेवा दुय्यम: जमिनीवरच्या सेवेला त्रास झाला तर हटायचं तिने. आणीबाणीचा ९११ चा कॉल किंवा मेसेज पोचवणं बंधनकारक. शेजारच्या पट्ट्यात किती ऊर्जा सांडली तर चालेल त्याचीही मर्यादा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ठरवलेली. म्हणजे माणसाच्या हातातल्या फोनच्या उंचीवर. हे मला फार आवडलं.

भांडण तरीही झालंच. स्टारलिंकने मर्यादा सैल करून मागितली. एटी अँड टी ह्या प्रतिस्पर्धी मोबाइल कंपनीने आपल्या नेटवर्कचा वेग सरासरी १८ टक्क्यांनी पडेल असं लिहून दिलं. मार्च २०२५ मध्ये एफसीसीने सवलत दिली, पण त्रास झाला तर काढून घेऊ ह्या अटीवर.

हे आपल्याकडे कसं लावायचं? आपला सलग प्रदेश कोणता? २२ परिमंडळं ठेवली तर पनवेलच्या डोक्यावर झोताला कात्री लावावी लागेल, ती लागत नाही. सगळा देश एक धरला तर एकच पट्टा सर्व परिमंडळांत असलेली कंपनीच सेवा देऊ शकेल. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं: देश एक धरावा, एक अरुंद पट्टा त्यासाठी सर्वत्र जमिनीवरून मोकळा ठेवावा, आणि तो देणाऱ्या कंपनीला त्याचा मोबदला मिळावा. रुंद पट्टा लागत नाही. आशाताईंच्या नोंदी काही किलोबाइटच्या आहेत.

जगाचा एकत्रित नियम अजून व्हायचा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२३ च्या दुबई परिषदेने ठरवलं की ६९४ ते २,७०० मेगाहर्ट्झमधल्या मोबाइल लहरी उपग्रहाला थेट फोनसाठी द्याव्यात का, ह्याचा अभ्यास करून २०२७ मध्ये शांघायच्या परिषदेत निर्णय घ्यायचा. तोवर प्रत्येक देश आपल्या जबाबदारीवर परवानगी देतो आहे: दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि आपल्याला झाला तर तक्रार करायची नाही.

ट्रेनी एकदम म्हणाला, "मग खोडदचं काय?" तो विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून आला होता. खरंच त्याने नेमकं बोट ठेवलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, गोविंद स्वरूप यांनी तिथे उभारल्या त्या रेडिओ गोंगाट कमी म्हणून आणि आजूबाजूचे डोंगर आडोसा देतात म्हणून. ती दुर्बीण साधारण १,४५० मेगाहर्ट्झच्या खालचं विश्व ऐकते. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइल त्यातच येतो. टॉवरला डोंगर अडवतो. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला कोण अडवणार? खोडदवरून जाताना झोत बंद ठेवायचा ही अट परवान्यात लिहावीच लागेल. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे, आणि लिहिलं नाही तर कोणी आपणहून करणार नाही.

दुपारी ३.३०

चौक. इथला रस्ताही कंपनीच्या यादीत होता, म्हणून आलो. इरशाळगडाचा सुळका उन्हात स्पष्ट दिसतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. बचावाची माणसं पावसात चिखल तुडवत चढली, यंत्रं वर नेता आली नाहीत. रेंजने दरड थांबत नाही, एवढं मला कळतं. पण त्याआधीच्या २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली; ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. ह्या दोन्ही वेळी रायगडात वीज गेली आणि तिच्यामागोमाग टॉवर गेले. टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग डिझेल लागतं, आणि डिझेल नेणारा रस्ताच वाहून गेलेला असतो. माणसाच्या खिशातला फोन तेव्हा चालू असतो. बोलायला समोर कोणी नसतं.

अशा वेळी सिम कोणाचं हे बघायचं नाही, ही रीत आपल्याकडे आहे. २०२३ च्या बिपरजॉय वादळात दूरसंचार खात्याने गुजरातच्या किनाऱ्यावर कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला कोणत्याही नेटवर्कवर जाऊ दिलं. आकाशातल्या नेटवर्कलाही हेच लागू हवं: आपत्ती जाहीर झाली की आणीबाणीच्या ११२ चा मेसेज कोणत्याही सिमवरून, फुकट. अमेरिकेतही सप्टेंबर २०२४ च्या हेलेन वादळानंतर पूर्ण परवाना येण्याआधीच तात्पुरती मुभा दिली गेली होती. आपल्याकडे अशी तात्पुरती मुभा द्यायचा अधिकार कोणाकडे आणि किती तासांत, हे वादळ यायच्या आधी कागदावर हवं.

संध्याकाळी ६.००

ऑफिस. लॉग फाइल्स उतरवल्या, पोस्ट-प्रोसेसिंग लावलं.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर टाकायला लावलं. चांगलं झालं. पण असे नकाशे बहुतेक गणिताने काढलेले असतात: टॉवरची उंची, डोंगराचा आकार, मॉडेल. मी आजच्या वाडीवर एक नकाशा पसरला तर तिथे रंग भरलेला होता. खोटेपणा नाही, मॉडेलला तो कातळ आणि ते अंगण वेगळं करता येत नाही. पण उद्या उपग्रह सेवेची परवानगी रेंज नसलेल्या गावांसाठी द्यायची ठरली आणि ती गावं ह्याच नकाशावरून निवडली, तर ही वाडी यादीत येणारच नाही.

माझा सगळा आग्रह एवढाच आहे. परवाना मोजलेल्या पोकळीवर द्या. गाडी जाते तिथे गाडीने, नाही तिथे पायी.

ट्रायने मे २०२५ मध्ये उपग्रह स्पेक्ट्रमच्या शिफारशी केल्या त्यांत महसुलाच्या ४ टक्के शुल्क होतं, आणि ब्रॉडबँड देणाऱ्या खालच्या कक्षेतल्या कंपन्यांना शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा. म्हणजे शहर आणि खेडं यांत फरक करायची बुद्धी नियामकाकडे आहे. महाराष्ट्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ ला स्टारलिंकशी इरादापत्र केलं तेही गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमसाठी. ती डिशची सेवा. शाळेच्या छपरावर डिश बसते, बाळंतिणीच्या दिराच्या हातात नाही बसत. थेट फोनच्या सेवेत तर खेड्याचा हिशेब आणखी सरळ असावा: खारघरमध्ये झोत पेटवायची गरजच नाही, तिथे टॉवर आहेत. मालडुंग्याच्या वर पेटवा, आणि तिथे शुल्क माफ करा.

दूरसंचार अधिनियम २०२३ च्या पहिल्या अनुसूचीत काही उपग्रह सेवांना लिलावाशिवाय लहरी देण्याची तरतूद आहे. मोबाइल कंपन्या म्हणतात, आम्ही लिलावात पैसे ओतले आणि आमच्याच ग्राहकाला कोणी स्वस्तात वरून सेवा देणार का? त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. त्यांच्याच लहरी, त्यांच्याच संमतीने वापरल्या तर नवा लिलाव नको आणि नवं शुल्कही नको. पण संमती अडवून धरायची आणि टॉवरही उभारायचा नाही, असं झालं तर? मोजलेल्या पोकळीत ठरावीक मुदतीत टॉवर आला नाही तर तिथे आकाशाला वाट द्यावी.

रात्री ८.३०

करंज्याहून एका तांडेलाचा फोन. ओळखीचे आहेत, गेल्या वर्षी किनाऱ्याची मोजणी करताना त्यांची होडी घेतली होती. त्यांनी ऐकलंय की आता समुद्रातही साध्या फोनवर रेंज येणार. मी सांगितलं, इतक्यात नाही, आणि तोवर बोटीवरचा ट्रान्सपाँडर काढू नका. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांनी त्या ट्रान्सपाँडरच्या योजनेचा देशभर आरंभ केला. एक लाख बोटींवर बसवायचे आहेत. तो इस्रोच्या उपग्रहावरून एस बँडमध्ये चालतो, म्हणजे उपग्रहासाठीच राखलेल्या लहरींवर, म्हणून कोणाशी टक्कर नाही. वादळाची सूचना बोटीवर येते, बोटीवरून संकटाचा संदेश जातो. ते म्हणाले, "पण त्यावरून बायकोशी बोलता येत नाय ना."

ते खरं आहे. किनाऱ्याची रेंज मागे पडली की पुढचे दिवस घरच्यांना काही कळत नाही. आणि समुद्राला परिमंडळ नाही, शेजारचा टॉवर नाही. हद्दीचं भांडण तिथे सर्वांत कमी. सुरुवात समुद्रापासून करावी, हा मुद्दा मला त्यांनी दिला.

रात्री १०.००

टिपण लिहायला बसले. अशा विषयांवर ट्राय सल्लापत्र काढते आणि कोणाचंही लेखी म्हणणं घेते, तेव्हा पाठवायला तयार हवं. वर लिहिलेलं सगळं त्यात घेतलं: अरुंद देशव्यापी पट्टा, समुद्र आणि मोजलेल्या पोकळीपासून सुरुवात, खोडदवर बंद झोत, ११२ सर्वांना, दीड मीटर उंचीवरची मर्यादा.

मर्यादा पाळली जाते का हे बघणार कोण, ह्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. सेवा देणाऱ्या कंपनीनेच मोजून कळवायचं असं ठेवलं तर त्याला अर्थ नाही. सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेचं उपग्रहांवर नजर ठेवणारं केंद्र आपल्याच जालन्यात आहे, आणि बोरिवलीच्या गोराई रोडला तिचं आंतरराष्ट्रीय मॉनिटरिंग केंद्र. वरून काय येतंय ते जालन्याने बघावं. खाली दीड मीटरवर काय पडतंय ते बघायला गाड्या लागतील, आणि तशा गाड्या ह्या राज्यात रोज फिरतायत. त्यांचे लॉग कंपन्यांच्या सर्व्हरवर जाऊन बंद होतात. ते लॉग, गावाच्या नावासकट, संघटनेकडे जमा व्हावेत आणि आशाताईंना आपल्या वाडीचा आकडा बघता यावा.

हा मुद्दा टिपणात शेवटी होता, तो उचलून पहिला केला. उद्या करंजा. तांडेल म्हणालेत भरती लवकर आहे, होडी सहाला सुटेल. डोंगल आणि दोन जादा बॅटऱ्या आताच बॅगेत टाकते.